वहीतली तिसरी ओळ



दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या, माझ्या आजेसासऱ्यांच्या किराणा दुकानाच्या. घरात सगळे त्यांना मोठे अण्णा म्हणत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, 'श्री महावीराय नमः' आणि वीर निर्वाण संवताचा आकडा. मग सुरू होते खरेदी : गूळ, तूरडाळ, खोबरं, मिरची. प्रत्येक खरेदीखाली न चुकता तीन ओळी आहेत. हमाली, गाडीभाडं आणि जकात.

आज मला या तिसऱ्या ओळीबद्दल लिहायचं आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी दुकान आहे. कोणाचं किराणा, कोणाचं कापड, कोणाचं भांड्यांचं. काही जणी स्वतः पापड, खाकरा, लोणची करून विकतात. घरात करावरून चिडचिड ऐकली नाही अशी एकही जण नसेल. लग्न होऊन आले तेव्हा मला एक कोडं पडायचं. मालावरचा कर शेवटी गिऱ्हाईकच देतं. दुकानदार फक्त तो गोळा करून पुढे पोचवतो. मग पैसे ज्याच्या खिशातून जात नाहीत तो एवढा का तळमळतो? गेली काही वर्षं दुकानाचे कागद मीच बघते, त्यामुळे उत्तर थोडं थोडं कळत गेलं. त्या ट्रंकेतल्या वह्यांनी ते पुरं केलं.

वेशीवरचा कर

मालावरचा कर आपल्या देशात फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. नगराच्या महाद्वाराजवळ त्याची शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, असं तिथे सांगितलं आहे. व्यापारी कोण, कुठून आला, माल किती आणि त्यावर शिक्का कुठे बसला, हे टिपून घ्यायला चार-पाच माणसं बसवलेली. म्हणजे लिहिण्याचं काम राजाच्या माणसांचं. व्यापाऱ्यानं माल दाखवायचा, शुल्क द्यायचं आणि आत जायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या धर्मातही या शुल्काचा विचार आला आहे. पाठशाळेत अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पाठ केलेले तुम्हाला आठवत असतील. चोराला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, मापात खोट ठेवणं आणि भेसळ करणं हे चार तर लहान मुलालाही समजतात. उरलेला एक म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम, राज्याचा नियम चुकवून व्यापार करणं. लहानपणी हा शब्द जिभेवर वळायचा नाही. आमच्या पंडितजींनी अर्थ सांगताना जकात नाक्याचंच उदाहरण दिलं होतं. चोरी आणि भेसळीच्या पंगतीत कर चुकवणंही बसवलं आहे, हे आपल्या व्यापारी घरांत फारसं बोललं जात नाही. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक उदाहरण मला फार आवडतं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दल पत्र लिहिलं. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याकडचं मीठ स्वस्त पडत होतं. व्यापारी तिकडे वळत होते आणि स्वराज्यातल्या संगमेश्वरकडच्या मिठागरांवर संकट आलं होतं. बाहेरच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की दोन्हीकडचं मीठ भावाला सारखं पडेल, असं महाराजांनी कळवलं. खजिना भरण्यापलीकडे कर काय करतो, हे त्यावरून कळतं. तो कोणाचा माल बाजारात टिकेल तेही ठरवतो. लहान व्यापाऱ्याला हे पुस्तक न वाचता समजतं, कारण त्याचं पोट त्यावर असतं.

नाका

इंग्रजी अमदानीत शहरांच्या नगरपालिका झाल्या आणि रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांच्या खर्चाला जकात हा मोठा आधार झाला. शहरात येणाऱ्या प्रत्येक मालावर वेशीवरच कर. आमच्या कोल्हापुरात जकात बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला 'शिरोली नाका' म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो.

मामंजींनी तरुणपणी नाक्यावर किती रात्री काढल्या ते सांगावं तर त्यांनीच. ट्रकची रांग लागायची. बिल दाखवायचं, पोती मोजून द्यायची, पैसे भरायचे, पावती घ्यायची. पावसाळ्यात गुळाच्या ढेपांना पाणी सुटायचं, मिरचीच्या पोत्यांवर ताडपत्री टाकून माणूस रात्रभर जागा. वर चहापाण्याला काहीतरी द्यावंच लागे. एवढं असूनही मामंजी जकातीबद्दल बोलताना कधी फार कडवट होत नाहीत. ते म्हणतात, "नाका ओलांडला की माणूस सुटला. पावती वहीत ठेवली, पुन्हा कोणी विचारायला येत नव्हतं."

त्या वह्या चाळताना मला एक जागा दिसली. खोबऱ्याची चार पोती, खाली हमाली, गाडीभाडं, आणि तिसरी ओळच नाही. मला वाटलं, लिहायची राहिली असेल. मामंजींना दाखवली. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "राहिली नाही गं. ती पोती आडवाटेनं आणली होती." त्या वर्षी धंदा बसला होता, घरात आजारपण होतं, आणि मोठ्या अण्णांनी एका रात्री शेतातल्या वाटेनं बैलगाडी आणली. त्याच वहीत पुढे दोन महिन्यांनी मंदिराच्या नावानं एक दान लिहिलेलं आहे. रक्कम बघितली तर चार पोत्यांच्या जकातीएवढीच. मामंजी म्हणाले, "देवाला दिलं त्यांनी. पण देणं नाक्याचं होतं. ते त्यांना शेवटपर्यंत लागलं."

माझ्या डोक्यातून ते पान गेलेलं नाही. पुढचं सगळं मी त्या पानावर बोट ठेवूनच लिहिते आहे.

दुकानदार झाला वसुली कारकून

१९३५ च्या कायद्यानं प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसवायचा अधिकार मिळाला. मद्रास प्रांतानं १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर आणला, मुंबई प्रांतात तो १ ऑक्टोबर १९४६ पासून आला. आमचं कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, ते १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं.

जकात आणि विक्रीकर यांतला फरक वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. जकात सरकारचा माणूस घ्यायचा. विक्रीकरात दुकानदारानं गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, वहीत लिहायचा, हिशोब करून सरकारला भरायचा आणि ती वही साहेबाला दाखवायची. कौटिल्याच्या शुल्कशाळेत लिहायला बसलेल्या माणसांचं काम आता दुकानाच्या गादीवर आलं, तेही बिनपगारी.

तरी लहान किरकोळ दुकानदाराला याची झळ बरीच कमी बसली. ठराविक उलाढालीखालच्या दुकानाला नोंदणी नव्हती, आणि बऱ्याच मालावर कर आधीच्या विक्रीत भरलेला असे. ठोक व्यापाऱ्यानं भरला की किरकोळ दुकानदारानं तोच माल विकताना पुन्हा भरायचा नाही. मोठ्या अण्णांच्या वह्यांत विक्रीकराचा उल्लेख क्वचितच सापडतो तो यामुळे.

वहीचं वर्षही तेव्हा आपलंच होतं. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी दिवाळीला वहीपूजन, आणि तिथून हिशोबाचं नवं वर्ष. प्राप्तिकरासाठीही दिवाळी ते दिवाळी हिशोब चालायचा. १९८९ पासून सगळ्यांनाच ३१ मार्चला वर्ष बंद करणं सक्तीचं झालं. वहीपूजन आपण आजही करतो, पण ज्या वहीची पूजा करतो तिच्यात आता वर्ष सुरू होत नाही. सासूबाई सांगतात, त्या दिवाळीला मोठे अण्णा म्हणाले होते, "पूजा एका वहीची आणि हिशोब दुसऱ्या वहीचा."

व्हॅट : साखळीतली कडी

१ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट आला. त्या वेळी देशभर व्यापाऱ्यांनी बंद पाळले. आमच्या पेठेतही शटरं खाली होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि व्हॅट चांगला असं परीक्षेत लिहून आले होते.

तत्त्व खरंच चांगलं होतं. साबणाचं उदाहरण घेऊ. कर साडेबारा टक्के. ठोक व्यापाऱ्यानं ८० रुपयांचा माल दुकानदाराला दिला, त्यावर १० रुपये कर लावला. दुकानदारानं तो ९६ रुपयांना विकला, त्यावर गिऱ्हाइकाकडून १२ रुपये कर घेतला. आधी दिलेले १० वजा करून त्यानं सरकारला फक्त २ रुपये भरायचे. करावर कर नाही. आधीच्या पद्धतीत कच्च्या मालावरचा कर किमतीत मुरायचा आणि पुढे त्याच्यावरही कर बसायचा, ते यात थांबलं.

मग विरोध का? कारण ते १० रुपये वजा मिळायला पक्कं बिल लागतं. ते बिल देणाऱ्यानंही आपला कर भरलेला लागतो. दुकान आता एका साखळीतली कडी झालं. मागच्या कडीनं कर भरला नाही, तर जाब पुढच्या कडीला. शेजारच्या भांडेवाल्या काकांनी मला त्या वेळी सांगितलं होतं, "पोरी, मी माझ्या वहीची शपथ घेईन. दुसऱ्याच्या वहीची कशी घेऊ?" परीक्षेच्या पुस्तकात हा प्रश्न नव्हता.

हेही खरं सांगायला हवं की सगळा विरोध कागदांच्या त्रासाचा नव्हता. कच्च्या बिलावर चालणारा धंदा उघडा पडेल ही भीतीही त्यात होती. कुठल्याही बंदमध्ये दोन्ही तऱ्हेची माणसं शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती सारखीच दिसतात. यात प्रामाणिक लहान दुकानदाराचं नुकसान जास्त होतं. त्याचं खरं गाऱ्हाणंही बहाण्यात मोजलं जातं.

एलबीटी : नाका दुकानात आला

नगरपालिकांची जकात आधीच गेली होती. महापालिकांची उरली होती. तिच्या जागी २०१० पासून टप्प्याटप्प्यानं स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, येऊ लागला. आमच्याकडे तो २०११ ला आला, पुण्यात २०१३ च्या एप्रिलमध्ये. रांगा नाहीत, नाके नाहीत. दुकानदारानं शहरात आणलेल्या मालाचा हिशोब स्वतः ठेवायचा, स्वतः कर भरायचा.

कागदावर हे जकातीपेक्षा सोपं. तरी २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्यातल्या मोठ्या शहरांत व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. पाडव्याचे आणि लग्नसराईचे दिवस होते. ज्यांच्या घरी लग्न होतं त्यांना कापड, भांडी, सोनं काही मिळेना. व्यापाऱ्याच्या घरात तर गल्ला रिकामा. माझी पुण्याची मावसबहीण तेव्हा फोनवर रडली होती. दुकानातल्या दोन मुलांचा पगार द्यायचा होता आणि शटर खाली होतं.

व्यापाऱ्यांचं म्हणणं काय होतं ते नीट ऐकण्यासारखं आहे. कर नको असं बहुतेक जण म्हणत नव्हते. व्हॅट आम्ही भरतोच, त्यातच एक टक्का वाढवून घ्या, पण दुसरी वही, दुसरं विवरणपत्र, दुसरा साहेब नको, असं ते म्हणत होते. महापालिकेचा माणूस दुकानात येऊन दफ्तर तपासणार, याची त्यांना धास्ती होती. नाका वेशीवर होता तेव्हा ओलांडता येत होता. तो दुकानातच येऊन बसला तर माणूस सुटणार कधी?

दुसरी बाजूही होती. महापालिकेच्या शाळा, दवाखाने, झाडलोट, पाणी हे सगळं त्याच पैशावर चालतं. जकात गेली आणि एलबीटीही भरला नाही तर सफाई कामगाराचा पगार कुठून येणार? आमच्या मंदिरासमोर रोज पहाटे झाडणाऱ्या मावशींचा पगार त्या दिवसांत लांबला होता. अभिषेकाला जाताना त्यांच्याकडे बघून मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. म्हणजे जवळजवळ सगळे दुकानदार सुटले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा उरलेला एलबीटी आणि मुंबईची जकात, दोन्ही गेली.

'पात्र नाही'

जीएसटीनं बरेच कर एकत्र केले. ट्रक राज्यांच्या सीमेवर अडकायचे थांबले, जकात नाके इतिहासजमा झाले. ही सोय साधी नाही. नाक्यावर रात्री काढलेल्या माणसालाच तिची किंमत कळते.

पण पहिलं वर्ष लहान दुकानदाराला फार जड गेलं. मुळात महिन्याला तीन विवरणपत्रं भरायची अशी रचना होती. ती झेपेना म्हणून सोपी केली गेली. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये दंड होता. मग तो ५० वर आणला, आणि ज्याचा कर शून्य त्याला २०. आकडे खाली आले ते तक्रारी झाल्या म्हणूनच. सुरतच्या कापड व्यापाऱ्यांनी त्या जून-जुलैत बाजार बंद ठेवला होता तो आपल्या वाचनात आलाच असेल. पिढ्यान्‌पिढ्या कापडावर असा कर भरायची सवय नसलेला तो बाजार होता.

मामंजींनी कॉम्पोझिशन योजना घेतली. लहान दुकानदारासाठी ती सोय आहे. उलाढालीवर १ टक्का कर भरायचा, कागद कमी. सुरुवातीला सुट्या तांदूळ-डाळीसारख्या करमुक्त मालाची विक्रीही त्या १ टक्क्यात धरली जायची. किराणा दुकानाला ते अन्यायाचं होतं. जानेवारी २०१८ पासून फक्त करपात्र विक्री धरू लागले.

या योजनेत दोन अटी होत्या. गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, स्वतःच्या नफ्यातून भरायचा. आणि खरेदीवर दिलेला कर वजा मिळणार नाही. त्याचबरोबर दुकानाच्या पाटीवर आपण कॉम्पोझिशनवाले आहोत हे लिहायचं, आणि प्रत्येक बिलावर छापायचं की आम्ही कर गोळा करण्यास पात्र नाही.

पहिलं बिलबुक छापून आलं त्या दिवशी मामंजी चष्मा लावून ती ओळ वाचत बसले. मग मला म्हणाले, "साठ वर्षं दुकान चालवतोय आपण. पात्र नाही म्हणजे काय?" मी कायद्याचा अर्थ समजावला, की यात अपमान काही नाही, सोयीसाठी लिहिलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. पण पुढे महिनाभर ते बिल फाडताना ती ओळ गिऱ्हाइकाकडून खाली येईल असं घडी घालून देत. एवढ्या करांच्या आकड्यांत मला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं असेल तर ती घडी.

त्याच सुमारास दुकानाचे कागद माझ्याकडे आले. घराघरांत हे झालेलं मी बघितलं आहे. मुलगा गिऱ्हाईक बघतो, सासरे गल्ल्यावर, आणि बी.कॉम. झालेली सून रात्री ओटा आवरून लॅपटॉप उघडते. नाक्यावरच्या कारकुनाचं काम दुकानाच्या गादीवर आलं होतं, ते आता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलं. कराच्या खर्चाचा हिशोब मांडताना या तासांचा हिशोब कोणी धरत नाही.

पापड, खाकरा आणि निपाणीचं लोणचं

आता आपल्या गृहउद्योगाकडे येते. पापडाला जीएसटी नाही. खाकऱ्याला सुरुवातीला १२ टक्के होता, ऑक्टोबर २०१७ मध्ये ५ टक्क्यांवर आला. गेल्या वर्षी, २०२५ च्या दशलक्षण पर्वात, ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून खाकरा आणि चपाती करमुक्त झाली. लोणचं १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के कर तर बायकांनी आवाज उठवल्यावर २०१८ च्या जुलैमध्येच शून्य झाला होता. म्हणजे बोललं तर ऐकलं जातं, हेही या इतिहासात आहे.

पण दर कमी झाला म्हणजे लहान उद्योगाचा प्रश्न सुटला असं नाही. माझ्या दोन मैत्रिणी मिळून लोणची करतात. उलाढाल काही लाखांची. वस्तूंच्या धंद्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. मग निपाणीच्या एका दुकानाकडून चांगली मागणी आली. कोल्हापूरहून निपाणी म्हणजे तासाभराचा रस्ता. आपल्या किती मुली तिकडे दिल्या आहेत, किती सुना तिकडून आल्या आहेत! पण निपाणी कर्नाटकात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते, आणि कॉम्पोझिशनची सोयही तिथे चालत नाही. म्हणजे महिन्याचे कागद, सल्लागाराची फी. त्यांनी हिशोब मांडला आणि मागणी सोडून दिली. रस्त्यावरचा नाका उठला, पण एका बरणीपुरता तो अजून आहे.

शहरातल्या मोठ्या दुकानानंही त्यांना तसंच सांगितलं. नोंदणी असलेल्या कारखान्याकडून माल घेतला तर दुकानाला कर वजा मिळतो, यांच्याकडून घेतला तर मिळत नाही. यांना मात्र बरण्या, तेल, मसाला घेताना कर पडतोच, तो परत मिळत नाही. लहान राहायची सूट आहे, पण लहान राहिलं की मोठ्या बाजाराचं दार अर्धं बंद. लहान उद्योगांच्या मनात या कराबद्दल जे काही आहे त्याचं मूळ मला इथे दिसतं. दर किती, यापेक्षा कागदांचा खर्च लहानाला आणि मोठ्याला जवळपास सारखाच येतो, हे त्यांना जाचतं. मोठ्यानं तो हजार बरण्यांवर वाटून टाकला, लहानाचा पन्नास बरण्यांवर बसला.

बिल नको

१ एप्रिल २०१९ ला नोंदणीची मर्यादा ४० लाख झाली. आमचं दुकान तिच्या आत होतं. सल्लागारांनी सांगितलं, नोंदणी रद्द करता येईल. मामंजींनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. पाटीवरची ती ओळ पुसली, उरलेली बिलबुकं रद्दीत गेली. मला रात्रीचे तास परत मिळाले.

त्यानंतर एका ठोक व्यापाऱ्याचा माणूस आला. आता तुम्हाला कर वजा मिळतच नाही, मग पक्कं बिल कशाला घेता? बिनबिलाचा माल घ्या, तेवढे पैसे वाचतील. हिशोबात तो चुकीचा नव्हता. आम्हाला विचारणारं कोणी नव्हतं. मामंजी त्याला एवढंच म्हणाले, "आम्हाला बिल लागतं." कारण सांगितलं नाही. त्या वेळी मला वाटलं, जुन्या माणसांचा हट्ट. खोबऱ्याच्या चार पोत्यांचं पान दिसल्यावर कारण कळलं.

मैत्रिणींनो, या इतिहासात आपणही आहोत, काउंटरच्या पलीकडे. साडी घेताना, भांडी घेताना, दागिना घेताना "बिल नको, कमी करा" असं आपण किती सहज म्हणतो! ज्या दुकानदाराला पक्कं बिल द्यायचं आहे, त्याला आपणच अडचणीत आणतो. त्यानं नाही म्हटलं तर आपण शेजारच्या दुकानात जातो. मग प्रामाणिक दुकान ओस पडतं आणि सरकार सगळ्यांनाच चोर समजून आणखी एक कागद मागतं. त्या वाढत्या कागदांत थोडे आपल्या हातचेही आहेत. सरकारनं लहानांचे कागद कमी करावेत, राज्याबाहेर थोडा माल विकणाऱ्या बाईला वाट मोकळी करावी, हे जोरानं मागू या. पण ते मागताना आपल्या हातात बिल असलं पाहिजे.

मामंजी अजून लाल वहीच लिहितात. परवा सहज उघडून बघितली. तूपडब्याची खरेदी होती. खाली हमाली, गाडीभाडं, आणि तिसरी ओळ : जीएसटी, ठोक व्यापाऱ्याच्या बिलावरचा आकडा बघून लिहिलेला. तो लिहायची आता गरज नाही. तो परत मिळत नाही, कुठे दाखवायचा नाही. मी विचारलं, "मामंजी, हे कशाला लिहिता?"

ते म्हणाले, "दिलाय तर लिहायला नको?"

जय जिनेंद्र.